वाचक विचारतात : वाइनमेकरशी बोलताना

वाइनमेकरांच्या मुलाखती वाचून किंवा ऐकून पडलेल्या शंका या वेळच्या टपालात मोठ्या संख्येने आल्या आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : कोणत्याही वाइनमेकरला त्याच्या वाइनविषयी विचारले, की तो आधी हवामान सांगू लागतो. वसंत थंड होता, ऑगस्ट कोरडा गेला, सप्टेंबरात दोनदा पाऊस झाला, वगैरे. या तपशिलांतून वाइनविषयी नेमके काय समजून घ्यावे?

उत्तर : हवामान तारखांशिवाय सांगितले, तर त्यातून फारसे काही हाती लागत नाही. वेलीच्या वर्षात चार नाजूक टप्पे असतात आणि तोच पाऊस एका टप्प्यावर उपकारक, तर दुसऱ्या टप्प्यावर घातक ठरतो. म्हणून वाइनमेकर 'पाऊस झाला' म्हणाला, की 'तेव्हा वेल कोणत्या अवस्थेत होता?' हे लगेच विचारून घ्यावे.

पहिला टप्पा डोळे फुटण्याचा. तापमान शून्याखाली दोनेक अंश उतरले, तरी कोवळा फुटवा करपून जातो. २०२१ साली फ्रान्समध्ये मार्चअखेर अवेळी ऊब पडल्याने डोळे लवकर फुटले आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातील कडाक्याच्या रात्रींनी देशभरातील द्राक्षमळ्यांचे कोवळे फुटवे जाळले. नुकसान थंडीने केले हे खरे, पण तिला वाट करून दिली ती आधीच्या उबेने. अशा वर्षी उत्पादन घटते. उरलेल्या घडांची प्रत मात्र बिघडतेच असे नाही, आणि 'कमी पीक' व 'वाईट वर्ष' यांची गल्लत मुलाखत घेणारेच बहुधा करतात.

दुसरा टप्पा फुलोऱ्याचा. फुलोऱ्यापासून काढणीपर्यंत साधारण शंभर दिवस लागतात, असा जुना ठोकताळा आहे. या काळात पाऊस आणि गारठा राहिला, तर फळधारणा नीट होत नाही, गळ होते आणि जे मणी धरतात ते लहानमोठे राहतात. फ्रान्समधील बोर्दो या वाइनप्रदेशात २०१३ साली हेच घडले, आणि मर्लो ही द्राक्षांची जात गळीला विशेष बळी पडत असल्याने तिचे हाल अधिक झाले. जूनमधले हे दुखणे ऑक्टोबरपर्यंत पाठ सोडत नाही. एकाच घडात काही मणी पिकलेले आणि काही कच्चे असे मिळू लागले, की काढणीसाठी बरोबर असा दिवस उरतच नाही.

तिसरा टप्पा मण्यांत पाणी उतरण्याचा. मणी मऊ पडतो, काळ्या द्राक्षांच्या सालीला रंग येऊ लागतो, गोडी चढते आणि आंबटपणा उतरतो. या आंबटपणात दोन आम्ले महत्त्वाची असतात. टार्टरिक आम्ल बऱ्यापैकी टिकून राहते, तर मॅलिक आम्ल उष्णतेत वेलच खर्च करून टाकतो; त्यामुळे दिवसाच्या कमाल तापमानापेक्षा रात्र किती गार झाली, हे वाइनमेकरला जास्त सांगण्याजोगे वाटते. २००३ च्या युरोपातील उष्णतेच्या लाटेत रात्रीही तापलेल्या राहिल्या आणि आम्लता इतकी घसरली, की जेथे एरवी रसात साखर घालण्याची परवानगी मागितली जाते, अशा उत्तरेकडील प्रदेशांतही त्या वर्षापुरती आम्ल घालण्याची मुभा युरोपीय संघाला द्यावी लागली.

शेवटचा टप्पा काढणीचा, आणि वाइनमेकरच्या बोलण्यातला सर्वांत मोलाचा भाग हाच असतो. काढणी जवळ आली, की तो ओळीओळीतून फिरत मणी तोंडात टाकतो. गर गोड लागला, एवढ्यावर त्याचे समाधान होत नाही. साल दाढेखाली बराच वेळ चावून ती तोंड आवळते की मऊ पडते हे तो पाहतो आणि मग बिया तळहातावर काढून न्याहाळतो. बी हिरवट असेल तर तिचा कडवटपणा वाइनमध्ये उतरेल. ती तपकिरी होऊन दाताखाली कुडकुडली, तर तेवढी चिंता मिटली. गोडी पुरेशी चढली आहे पण बी अजून हिरवे आहे, आणि चार दिवसांनी पावसाचा अंदाज आहे, अशा पेचात त्याने काय केले, हे विचारावे. 'पाऊस येण्याआधी उरकले' म्हणणारा आणि 'पाऊस पडू दिला, मळा वाळला, मग आठवड्याने काढले' म्हणणारा हे दोघे शेजारी असले, तरी त्यांच्या वाइन एकसारख्या निघणार नाहीत. पहिल्याने थोडा कच्चेपणा पत्करला, दुसऱ्याने कुजीचा धोका पत्करला. शिवाय मर्लो लवकर पिकते आणि काबर्ने सोव्हिन्यों उशिरा, त्यामुळे सप्टेंबरातला एकच पाऊस एकीला चुकवून दुसरीला गाठू शकतो. संपूर्ण प्रदेशाच्या वर्षाला एकच गुण देणारे तक्ते मला फारसे उपयोगी वाटत नाहीत, त्याचे कारण हेच.

प्रश्न : मी अनेक वर्षांपासून अशा मुलाखती वाचते. प्रत्येक वर्ष एक तर 'अप्रतिम' असते किंवा 'आव्हानात्मक, पण अखेर उत्कृष्ट'. खराब वर्ष कधी येतच नाही का?

उत्तर : येते. पण वाइन विकायची असलेला माणूस ते उघडपणे म्हणणार नाही, आणि 'आव्हानात्मक' हा त्यासाठीचा ठरीव शब्द आहे, हे आपण अचूक हेरले आहे. बोर्दोमध्ये तर काढणीनंतरच्या वसंतातच, वाइन पिंपात असतानाच, ती व्यापाऱ्यांना चाखवून आगाऊ विकली जाते. त्या दिवसांतील बोलणे कितीही तज्ज्ञाचे असले, तरी ते विक्रीच्या हंगामातले बोलणे असते.

विशेषणे बाजूला ठेवून वाइनमेकरने त्या वर्षी काय सोडून दिले, हे विचारले की खरे वर्ष समजते. मुख्य वाइनमध्ये एकूण पिकाचा किती वाटा गेला, किती माल दुसऱ्या दर्जाच्या वाइनकडे वळवला, किती घाऊक विकून टाकला, निवडीच्या टेबलावरून किती घड फेकले, याचे उत्तर आकड्यांत येते. याचे टोकाचे उदाहरण शातो दिकेम या फ्रेंच वाइनरीचे आहे. सोतेर्न भागातील तिची गोड वाइन 'नोबल रॉट' म्हटल्या जाणाऱ्या एका विशिष्ट बुरशीने सुकवलेल्या मण्यांपासून होते आणि ते मणी टप्प्याटप्प्याने, अनेक फेऱ्यांत वेचावे लागतात. २०१२ साली ते मनासारखे मिळाले नाहीत, तेव्हा त्या वर्षाची वाइन बाजारात आणायचीच नाही, असे शातोने ठरवले. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात हा विचार रीतीतच बसलेला आहे. तेथील उत्पादक व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची गोड पोर्ट वाइन, दर वर्षी काढत नाहीत. दशकातून साधारण तीन वेळा, वर्ष तेवढ्या तोलाचे वाटले तरच, ते तसे 'जाहीर' करतात. म्हणून २०१६ आणि २०१७ ही लागोपाठची दोन वर्षे बहुतेक मोठ्या उत्पादकांनी जाहीर केली, तेव्हा त्या गोष्टीची इतकी चर्चा झाली.

आणखी एक सुचवतो. ताज्या वर्षाविषयी विचारण्याऐवजी आठ-दहा वर्षांपूर्वीच्या वर्षाविषयी विचारावे. तो माल विकून झालेला असतो, त्यामुळे माणूस मोकळेपणाने बोलतो. 'त्या वर्षी आम्ही फार लवकर काढणी केली' अशी वाक्ये तेव्हाच ऐकायला मिळतात.

प्रश्न : 'आम्ही काहीच करत नाही, वाइन मळ्यातच तयार होते,' हे वाक्य हल्ली प्रत्येक वाइनमेकर म्हणतो. ते खरे मानावे का?

उत्तर : शब्दशः मानू नये. द्राक्षे आपणहून टाकीत जाऊन बसत नाहीत, आणि रस तसाच सोडून दिला, तर तो वाइनवर थांबत नाही, व्हिनेगरच्या दिशेने जातो. मात्र या वाक्यामागे एक खरी भूमिका असू शकते, आणि ती आहे की नाही हे तीन-चार नेमक्या प्रश्नांनी कळते.

पहिला प्रश्न यीस्टचा. साखरेचे अल्कोहोल सूक्ष्मजीव करतात, हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले आणि वाइनवरील त्याचा ग्रंथ १८६६ साली प्रसिद्ध झाला. आज वाइनमेकर एक तर तयार, निवडलेले यीस्ट घालतो किंवा सालीवर आणि वाइनरीत आधीपासून असलेल्या यीस्टवर भिस्त ठेवतो. दुसऱ्या मार्गात सुरुवातीला काम करणाऱ्या अनेक जाती अल्कोहोल चार-पाच टक्क्यांवर गेले की मरू लागतात आणि पुढचे काम बहुधा सॅक्करोमायसीस ही जातच तडीस नेते. या मार्गाने किण्वन, म्हणजे साखरेचे अल्कोहोल होण्याची क्रिया, रेंगाळण्याचा किंवा मध्येच अडकण्याचा धोका असतो. तो धोका पत्करणाऱ्याला 'अडकले तेव्हा काय केलेत?' असे विचारावे. 'कधी अडकलेच नाही' असे उत्तर आले, तर मी तरी पुढचा प्रश्न विचारण्याआधी जरा थांबतो.

दुसरा प्रश्न तापमानाचा. लाल वाइनचे किण्वन साधारण २५ ते ३० अंशांवर आणि पांढऱ्या वाइनचे त्याहून बरेच गार ठेवले जाते. थंड पाण्याचे वेष्टन असलेली पोलादी टाकी हा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा हस्तक्षेप आहे, असे माझे मत आहे. पण तिला कोणी हस्तक्षेप म्हणत नाही, कारण तिची चव लागत नाही.

तिसरा प्रश्न साखर आणि आम्ल यांचा. रसात साखर घालून अल्कोहोल वाढवण्याच्या पद्धतीचा पुरस्कार शाप्ताल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८०१ साली केला आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. थंड प्रदेशांत तिला मर्यादेत मुभा आहे, कॅलिफोर्नियात नाही. उलट, उष्ण प्रदेशांत टार्टरिक आम्ल घालणे नित्याचे आहे. दोन्हींत लाजण्यासारखे काही नाही. लपवले, तर मात्र 'काहीच करत नाही' या वाक्याला अर्थ उरत नाही.

चौथा प्रश्न सल्फर डायऑक्साइडचा, आणि येथे भूमिका सर्वांत स्पष्ट दिसते. हा वायू वाइनला हवेपासून आणि नको त्या जिवाणूंपासून जपतो. युरोपीय संघात साखर न उरलेल्या लाल वाइनमध्ये लिटरमागे १५० मिलिग्रॅम आणि पांढरीत २०० मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे. फ्रान्समधील बोजोले भागातील व्यापारी आणि रसायनशास्त्रज्ञ ज्युल शोव्हे यांनी सल्फर न घालता वाइन करण्याचे प्रयोग केले आणि कमीत कमी हस्तक्षेपाने केलेल्या 'नॅचरल वाइन'ची आजची चळवळ त्यांना आपला पूर्वज मानते. त्यांचे अनुयायी एक गोष्ट विसरतात, ती अशी, की शोव्हे स्वच्छतेबाबत आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीबाबत अत्यंत काटेकोर होते. सल्फर न वापरणाऱ्याला जास्त काम करावे लागते. तेव्हा सल्फर घातले का, एवढेच विचारू नये. केव्हा घातले, म्हणजे चिरडताना, किण्वनानंतर की बाटलीत भरताना, आणि किती घातले, हे विचारावे.

कॅलिफोर्नियातील रिज या वाइनरीने २०११ च्या वाइनपासून लेबलवर घटकांची यादी स्वतःहून छापायला सुरुवात केली आणि युरोपीय संघाने ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनसाठी घटक व पोषणमूल्ये देणे बंधनकारक केले. ती माहिती बाटलीवरील कोडमधूनही देता येते. वाइनमेकरला भेटण्याआधी ही यादी वाचून जावे. अर्ध्या तासाची बचत होते.

प्रश्न : ब्रिक्स, पीएच, एकूण आम्लता हे आकडे मुलाखतीत येतात. सामान्य वाचकाने त्यांचे काय करावे?

उत्तर : ब्रिक्स म्हणजे रसातील विरघळलेल्या घटकांचे, मुख्यतः साखरेचे, शंभर ग्रॅममधील प्रमाण. त्या आकड्याला साधारण ०.५५ ते ०.६ ने गुणले, की वाइनमध्ये किती टक्के अल्कोहोल येईल याचा अंदाज मिळतो. २४ ब्रिक्सला काढलेल्या द्राक्षांची वाइन १३ ते १४ टक्क्यांच्या आसपास जाते. एकूण आम्लता म्हणजे वाइनमधील सगळ्या आम्लांचे मिळून प्रमाण, तर पीएच हे आम्लतेच्या तीव्रतेचे माप, आणि तो आकडा जितका कमी तितकी तीव्रता जास्त. पीएच जितका कमी, तितकी वाइन जिवाणूंपासून सुरक्षित आणि सल्फर तितके प्रभावी. पीएच ३.४ आणि ३.९ या दोन लाल वाइन बनवणाऱ्यांची रात्रीची झोप सारखी नसते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

प्रश्न : 'अठरा महिने फ्रेंच ओकमध्ये, त्यातील साठ टक्के पिंपे नवी,' अशा वाक्यावरून वाइन कशी असेल हे ठरवता येते का? ओकविषयी कोणता प्रश्न विचारावा?

उत्तर : ओकच्या लाकडी पिंपाची चव पहिल्या भरणीत सर्वाधिक उतरते आणि तीन-चार भरण्यांनंतर ते जवळजवळ तटस्थ भांडे उरते, म्हणून नव्या पिंपांचे प्रमाण सांगण्याची पद्धत आहे. पण साठ टक्के नवी पिंपे एका वाइनला दडपून टाकतात आणि दुसरीत जाणवतही नाहीत, कारण ते वाइनच्या स्वतःच्या अंगावर अवलंबून असते. शिवाय पिंप किती मोठे आहे, हेही पाहावे लागते. बोर्दोचे पिंप २२५ लिटरचे आणि फ्रान्समधल्याच बर्गंडी प्रदेशाचे २२८ लिटरचे असते. पाचशे लिटरचे किंवा काही हजार लिटरचे भांडे वापरले, तर लाकडाशी येणारा संपर्क त्या मानाने बराच कमी होतो. लाकूड कोणत्या जंगलातले, फळ्या उघड्यावर दोन वर्षे वाळल्या की तीन, आतून किती भाजले, हेही महत्त्वाचे. अमेरिकन ओकमध्ये खोबऱ्याची आणि व्हॅनिलाची छटा अधिक ठळक असते.

मी मात्र वेगळे विचारतो : पीक कमी आलेल्या किंवा अंगाने हलक्या निघालेल्या वर्षी नव्या पिंपांचे प्रमाण बदललेत का? दर वर्षी ठरलेले प्रमाण वापरणारा वाइनमेकर आपल्या घराण्याची चव जपत असतो. वर्ष पाहून प्रमाण खाली आणणारा त्या वर्षाला बोलू देत असतो. दोन्ही मार्गांनी उत्तम वाइन झालेल्या आहेत. या एका उत्तरावरून मात्र पुढच्या सगळ्या बोलण्याचा रोख कळतो.

प्रश्न : लेबलवर वर्ष असलेली वाइन वर्ष नसलेल्या वाइनपेक्षा नेहमी श्रेष्ठ असते, असे एका विक्रेत्याने सांगितले. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. आधी, वर्ष छापले म्हणजे सगळी द्राक्षे त्याच वर्षाची असतात असेही नाही. युरोपीय संघात आणि ऑस्ट्रेलियात ८५ टक्के त्या वर्षाची असली की वर्ष छापता येते.

फ्रान्समधील शॅम्पेन प्रदेशाच्या फेसाळ वाइनचे उदाहरण घ्यावे. तेथील हवामान इतके बेभरवशाचे, की निरनिराळ्या वर्षांच्या साठवलेल्या वाइन मिसळून दर वर्षी तीच ओळखीची चव उभी करणे, हे तेथील कसब मानले जाते. वर्ष न छापलेली शॅम्पेन किमान १५ महिने आणि वर्ष छापलेली किमान ३ वर्षे मुरवावी लागते, हा नियम आहे. तळघरात वेगवेगळ्या मळ्यांच्या आणि वर्षांच्या शेकडो नमुन्यांसमोर बसून, मुरल्यानंतर ते मिश्रण कसे लागेल याचा अंदाज बांधणाऱ्या माणसाशी 'वर्षा'विषयी बोलायचे, तर प्रश्नच उलटा करावा लागतो : या वर्षाच्या कोणत्या उणिवा आपण जुन्या साठ्यातून भरून काढल्या? स्पेनमधील हेरेझ येथे तर शेरी या तेथील वाइनसाठी पिंपांच्या रांगा रचलेल्या असतात; सर्वांत जुन्या रांगेतून थोडी वाइन काढायची, तिची जागा तिच्याहून कोवळ्या रांगेतून भरायची, तिची त्याहून कोवळ्या रांगेतून, असे वर्षानुवर्षे चालते. तेथे एका वर्षाला वेगळे अस्तित्वच राहत नाही, आणि तेथील तळघर-प्रमुखाला पावसाविषयी विचारून आपण त्याचा वेळ फुकट घालवतो.

वर्ष छापायचे, पण एकाच मळ्याशी बांधून घ्यायचे नाही, असाही एक मार्ग आहे. ऑस्ट्रेलियातील पेनफोल्ड्स या वाइनरीचे वाइनमेकर मॅक्स शुबर्ट १९५० साली युरोपात गेले, बोर्दोच्या दीर्घायुषी लाल वाइन चाखून परतले आणि १९५१ मध्ये शिराझ या काळ्या द्राक्षांपासून ग्रेंज ही वाइन प्रायोगिक स्वरूपात केली. त्यासाठी द्राक्षे निरनिराळ्या भागांतून घेतली आणि पिंपे अमेरिकन ओकची वापरली. सुरुवातीच्या चाखणाऱ्यांना ती मुळीच रुचली नाही, आणि १९५७ साली व्यवस्थापनाने ती बंद करण्याचा आदेश दिला. शुबर्ट यांनी पुढची तीन वर्षे ती गुपचूप केली. दरम्यान आधीच्या बाटल्या मुरून खुलू लागल्या आणि १९६० मध्ये वरिष्ठांनी तिला पुन्हा मान्यता दिली. बोर्दोची नक्कल न करता तेथून फक्त 'टिकणारी वाइन' ही कल्पना त्यांनी उचलली, हे मला त्या गुपितापेक्षाही महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : वाइनरीच्या भेटीत थेट पिंपातून वाइन चाखायला दिली. ती आंबट आणि ओबडधोबड लागली, तरी सगळे माना डोलवत होते. काय बोलावे हेच सुचेना.

उत्तर : माना डोलावण्याची गरज नव्हती. पिंपातील नमुना काचेच्या लांब नळीने वर काढतात. त्यात गाळ असतो, किण्वनाचा थोडा वायू असतो. मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करणारे दुसरे, जिवाणूंचे किण्वन पूर्ण झालेले नसेल, तर हिरव्या सफरचंदासारखा आंबटपणा लागणारच. 'ते रूपांतर पूर्ण झाले आहे का?' असे विचारले असते, तर वाइनमेकर खूश झाला असता. तसेच 'शेजारच्या पिंपातली चाखता येईल का?' असेही बेलाशक विचारावे. एकाच मळ्याची, एकाच दिवशी भरलेली वाइन दोन पिंपांत इतकी वेगळी लागते, की मिश्रण करण्याचे काम म्हणजे काय, ते त्या दोन घोटांत समजते. आणि घोट थुंकण्यात असभ्य काही नाही. तेथे सगळेच थुंकतात.

प्रश्न : हवामानबदलामुळे वाइनमेकरांच्या बोलण्यात काही फरक पडला आहे का, की तो केवळ नवा परवलीचा शब्द आहे?

उत्तर : फरक मोठा आहे आणि त्याला भक्कम नोंदींचा आधार आहे. बर्गंडीतील बोन या गावी १३५४ सालापासूनच्या काढणीच्या तारखा जुळवून २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. १३५४ ते १९८७ या काळात काढणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होत असे; १९८८ ते २०१८ या काळात ती सरासरीने १३ दिवस अलीकडे आली.

पूर्वी वाइनमेकर 'पिकली का?' याची काळजी करत. बोर्दोचे थोर वाइनशास्त्रज्ञ एमिल पेनो यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जो उपदेश केला, त्याचा मोठा भाग द्राक्षे अधिक पिकू द्यावीत, निवडून घ्यावीत आणि दुसरे किण्वन समजून-उमजून घडवून आणावे, असा होता. आज त्याच मळ्यांत गोडी फार लवकर चढते आणि साल व बी मागे राहतात, हा बोलण्याचा विषय आहे. पूर्वी घडांना ऊन लागावे म्हणून पाने काढत. आता दुपारच्या बाजूची पाने राखतात. काढणी पहाटे किंवा रात्री दिव्यांच्या उजेडात होते. २०२१ मध्ये बोर्दोच्या लाल व पांढऱ्या वाइनसाठी सहा नव्या जातींना मर्यादित प्रमाणात परवानगी मिळाली आणि त्यांत मूळ पोर्तुगालची तूरिगा नासिओनाल ही जातही आहे. मिश्रणात नव्या जाती दहा टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. बोर्दोसारख्या परंपराभिमानी प्रदेशाने हे मान्य करावे, यावरून निकड कळते.

धुराचा प्रश्न तर पूर्णपणे नवा नसला, तरी आता तो नेहमीचा झाला आहे. वणव्याच्या धुरातील घटक सालीतून आत शिरून मण्यातल्या साखरेशी बांधले जातात. त्यामुळे मणी चाखला तर काहीच लागत नाही. किण्वनात, पुढे बाटलीत आणि अगदी तोंडात लाळेशी गाठ पडल्यावर ते बंध सुटतात आणि विझलेल्या राखेची चव येते. २०२० साली कॅलिफोर्नियातील नापा येथे अनेकांनी त्या वर्षाची लाल वाइन काढलीच नाही. जे काढायचे की नाही या विचारात होते, त्यांनी बादलीभर द्राक्षे आधी आंबवून पाहिली, कारण प्रयोगशाळांकडे नमुन्यांची रीघ लागली होती आणि अहवाल यायला फार उशीर होत होता. सालीशी संपर्क कमी ठेवला, की धुराचा अंश कमी उतरतो, म्हणून कोणी काळ्या द्राक्षांची रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, केली. २०२० च्या नापा वाइनविषयी बोलण्याची संधी मिळाली, तर मळा वणव्यापासून किती दूर होता यापेक्षा, धूर येण्याआधी कोणता माल आत आला होता, हे विचारावे.

प्रश्न : 'ही बाटली केव्हा उघडू?' हे वाइनमेकरला विचारणे बालिश ठरेल का?

उत्तर : मुळीच नाही, पण त्याचे उत्तर बहुधा 'आत्ता चालेल, दहा वर्षे ठेवली तरी चालेल' असे गुळमुळीत येते. त्याऐवजी 'याच मळ्याची कोणती जुनी बाटली आपण सध्या घरी उघडता?' असे विचारावे. मग साल समजते, आणि ते वर्ष उष्ण होते की गार, हे आपल्याला आधीपासून ठाऊक असेल तर आपल्या बाटलीचा हिशेब आपणच मांडू शकतो. दोन सारख्या बाटल्या असतील, तर एक आत्ता उघडून वाइनमेकरचे म्हणणे पडताळून पाहावे.